घाटपायथ्याच्या डोहात मगर : एका गावाची केस

पार्श्वभूमी

गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातलं, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचं. गावाचं आणि नदीचं नाव मुद्दाम देत नाही, गावकऱ्यांनीच तसं सांगितलंय आणि त्यांचं बरोबर आहे, नाव कळलं की पुढच्या रविवारी गाड्या येऊन उभ्या राहतात. नदी छोटी, कोकणातल्या बहुतेक नद्या असतात तशी, घाटातून खाली येते, दगडधोंड्यातून धावत जाते आणि खाडीला मिळते. पावसात बघवत नाही एवढं पाणी आणि होळी झाली की नुसते डोह, मधे कोरडे गोटे.

खालच्या अंगाला, खाडी सुरू व्हायच्या आधी मगरी आहेत. त्यात नवल काही नाही, चिपळूणला वाशिष्ठीत आहेत, महाडला सावित्रीत आहेत, 2016 ला सावित्रीचा पूल गेला तेव्हा शोधकार्यातसुद्धा मगरींची धास्ती होती. वाशिष्ठीचं कारण तर सरळ आहे, कोयनेच्या वीजप्रकल्पाचं पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत येतं म्हणून ती नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते, म्हणजे मगरीला बारमाही पाणी, मासे आणि ऊन खायला बेटं. पावसाळ्यात रात्री चिपळूणच्या रस्त्यावरून मगर आरामात चालत चाललीय हा 2024 चा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेलाय.

पण या नदीला असलं बाहेरचं पाणी नाही. मधे एक केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, त्याच्या वर कोणी कधी मगर बघितली नव्हती, ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांनीही नाही. आणि डोह आहे तो बंधाऱ्याच्याही बराच वर, जिथून घाटाची भिंत समोर दिसते.

या डोहावर दोन वाड्या चालतात. नळपाणी योजनेची जॅकवेल, म्हणजे पंपाची विहीर तिथेच, कपडे तिथेच, गुरं तिथेच, पोरांचं पोहणं आणि गणपती विसर्जनही तिथेच. अलीकडे वरच्या बाजूला एक होमस्टे झालाय, त्यांच्या जाहिरातीतला 'नैसर्गिक स्विमिंग पूल' म्हणजे हाच डोह.

काय घडलं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. पंप चालवणारा काका पहाटे अंधारातच जॅकवेलवर स्टार्टर दाबायला उतरायचा. परत येताना उजाडलेलं असायचं. एक दिवस त्याला कातळावर ओंडका दिसला, आणि तो बघत असतानाच ओंडका पाण्यात गेला. गावात सांगितलं तर लोक हसले, रात्रीची उतरली नसेल म्हणाले. त्यावर त्याचं उत्तर गावात अजून सांगतात, "अवो, लाकूड काय मला बघून लाजतंय?"

मग गुराख्याला दिसली. मग वरच्या वाडीतल्या कॉलेजच्या पोराने व्हिडिओ काढला, लांबून, हलणारा, पण जबडा दिसत होता. तो व्हॉट्सॲपवर फिरता फिरता कोणीतरी त्यावर 'कोकणात अमेरिकन ॲलिगेटर' असं लिहिलं आणि सोबत स्टोरीही तयार झाली, की मुंबईच्या कोणा फार्महाऊसवाल्याने पिल्लू पाळलं होतं, मोठं झालं म्हणून नदीत सोडून दिलं. कुठला फार्महाऊस, कोण माणूस, काही पत्ता नाही, पण स्टोरी एवढी फिट बसत होती की तालुक्याला सगळ्यांना ती माहीत होती.

त्या रविवारी काठावर जत्रा. खालच्या गावांतून बाईक, शहरातून गाड्या, एक वडापाववालासुद्धा. दगड मारणारे होते, ड्रोनवाला होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नायलॉनच्या दोरीला कोंबडी बांधून पाण्यात टाकणारे होते, का तर बाहेर आली तर फोटो नीट मिळेल. मगर बुजरी असते, माणूस दिसला की पाण्यात जाते, आणि तो तिचा बुजरेपणाच माणसाला वाचवत असतो. काठावर माणसं दिसली की खायला मिळतं हे तिला एकदा कळलं की तो बुजरेपणा संपला. म्हणजे त्या दुपारी मगरीने कोणाला काही केलं नाही, पण पुढे कोणाला तरी महागात पडेल अशी शिकवणी मात्र तिला फुकट मिळाली.

आमच्या ग्रुपला फोन आला तो इथे. आम्ही तसे साप पकडणारे, पण गावाला काहीही दिसलं की आधी आम्हालाच फोन येतो. आम्ही वनखात्याच्या 1926 या हेल्पलाईनला कळवलं, वनपालांना कळवलं आणि मानद वन्यजीव रक्षकांना सोबत घेऊन गेलो.

ॲलिगेटर की मगर, याने फरक काय पडतो

खूप पडतो, म्हणून यावर जरा थांबतो.

ॲलिगेटर जगात दोनच ठिकाणी नैसर्गिकपणे आहे, अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि चीनमध्ये यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात. भारतात असेल तर तो पिंजऱ्यातलाच. म्हणजे डोहातला प्राणी खरंच ॲलिगेटर असता तर तो कोणीतरी आणून सोडलेला असता, त्याला कुठल्याही नदीत परत सोडायचा प्रश्नच नव्हता, पकडून प्राणिसंग्रहालय किंवा बचाव केंद्रात न्यावा लागला असता आणि वर चौकशी, कारण वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. आणि आपली गोड्या पाण्यातली मगर असेल तर ती वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीतली, वाघाच्या रांगेतली. तिला पकडायचं तर नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि पकडण्यामागे ठोस कारण लागतं. पहिल्या केसमध्ये 'लगेच पकडा', दुसऱ्या केसमध्ये 'आधी थांबा', एवढा उलटा निर्णय.

लोकांची फसगत होण्यासारखी होती हेही खरं. पुस्तकात ॲलिगेटरचं तोंड रुंद आणि क्रोकोडाईलचं निमुळतं असं दिलेलं असतं. पण क्रोकोडाईलच्या घराण्यात सगळ्यात रुंद तोंड आपल्याच मगरीचं, त्यामुळे नुसतं तोंड बघून ठरवायला गेलं की ती ॲलिगेटरच वाटते. खरी खूण दातांत आहे. तोंड मिटल्यावर खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेरून दिसतो तो मगरीचा, ॲलिगेटरचा वरचा जबडा खालच्या दातांना झाकून टाकतो.

आता तोंड मिटलेलं बघायचं तर ऊन खायला वर यायला पाहिजे, आणि गर्दीमुळे ती येईना. सोमवारी पोलीस पाटलांनी रस्ता अडवला, काठ मोकळा झाला, आणि अकराच्या सुमारास ती कातळावर आली. आधी डोळे आणि नाकाचं टोक, ते बराच वेळ एकाच जागी. मग पुढचे पाय कातळाला टेकवून अंग हळूहळू ओढून वर. जबडा उघडाच ठेवला, उन्हात त्या तसा ठेवतात, आतला पिवळट भाग दिसत होता आणि आम्ही दुर्बीण धरून तोंड मिटायची वाट बघत पलीकडच्या करवंदीच्या जाळीत. मिटलं. चौथा दात दोन्ही बाजूंनी स्पष्ट. मगर. डोक्याच्या लांबीच्या साधारण सातपट अंग असतं त्या हिशोबाने सात फुटांच्या आसपास, म्हणजे अगदी मोठीही नाही.

मग ती इथे आली कशी? पुराने आली म्हणावं तर पूर खाली नेतो, वर आणत नाही. मानद रक्षकांचं मत असं की चालत आली. वयात येणाऱ्या मगरींना मोठे नर आपल्या हद्दीतून हाकलतात, आणि पावसाळ्यात शेतं, पऱ्ये म्हणजे छोटे ओढे, नदी सगळं एक झालेलं असतं, तेव्हा बंधाऱ्याला वळसा घालून जायला तिला एक रात्र पुरते. वर जूनमध्ये चढणीचे मासे निघतात, ज्यांच्यासाठी आपणही रात्री बॅटऱ्या घेऊन व्हाळात उतरतो. माशांमागे ती चढली, पावसाळाभर वर राहिली आणि ऑक्टोबरमध्ये पाणी तुटलं तेव्हा डोहात अडकली. पुरावा म्हणाल तर नाही, पण फार्महाऊसच्या गोष्टीपेक्षा मला हे जास्त पटतं.

प्रश्न नेमका कोणता

मंगळवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मीटिंग झाली. वनक्षेत्रपाल, वनपाल, सरपंच, सदस्य, पोलीस पाटील, होमस्टेचे मालक, दोन्ही वाड्यांतली माणसं. पहिल्या वाक्यापासून एकच विषय, पकडायची की नाही. साहेब परवानगीचं सांगत होते, पोरं 'मग कोणाचा जीव गेल्यावर परवानगी येणार का' म्हणत होती, आवाज चढत होते.

यात मागे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "ता सगला ऱ्हांदे, उद्या सकाली कपडे खय धुवायचे ता सांगा." कोणीतरी म्हणालं काकू थांबा जरा, आधी मुख्य विषय होऊ दे. आणि मीटिंग परत पकडायची की नाही वर गेली.

माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. मगर पकडायला परवानगी, माणसं, पिंजरा, सगळं धरून काही आठवडे जाणार हे पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट झालेलं होतं. मगर असेपर्यंत रोज सकाळी बायका पाण्यात उतरणार हेही स्पष्ट होतं. म्हणजे काकूंचा प्रश्न हाच मुख्य विषय होता. तो ऐकायला गावाला आणखी दहा-बारा दिवस लागले, आणि तेवढे दिवस बायका त्याच घाटावर कपडे धूत होत्या, एक धुणार आणि एक काठी घेऊन पाण्याकडे बघत उभी.

पर्याय

पहिला, मगर आहे तिथे राहू दे, माणसांची सोय बदला. वनखात्याचा आणि मानद रक्षकांचा कल इकडे. जनावराने अजून काही केलेलं नाही, थंडीत मगर खातेही कमी, पुढच्या पावसात पाणी जोडलं गेलं की जाईलही. गावाला हे अजिबात पटत नव्हतं आणि त्यांचं चूक म्हणवत नाही, ज्याला पहाटे जॅकवेलवर उतरायचंय त्याला 'पुढचा पावसाळा' सांगून काय उपयोग.

दुसरा, पकडून खाली सोडा, जिथे आधीपासून मगरी आहेत. ऐकायला बरोबर वाटतं. पण तिथल्या मोठ्या नरांनीच तिला हाकललेलं असण्याची शक्यता जास्त, तिथे परत टाकलं तर मारामारी नाहीतर परत प्रवास. आणि मगरवर्गातले प्राणी आपली जागा शोधत परत येतात. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना ट्रान्समीटर लावून लांब सोडलं होतं, 2007 साली तो अभ्यास आला, त्यातली एक तर किनाऱ्याला वळसा घालून चारशे किलोमीटर पोहत घरी आली. आपली नदी केवढी ती सांगितलीच. शिवाय खालच्या गावाच्या सरपंचांना कुणकुण लागली तर त्यांचा फोन, "तुमची पीडा आमच्या दारात नको."

तिसरा, लांबच्या एखाद्या धरणात नेऊन सोडा. हा फार टिकला नाही. तिथेही मासेमारी करणारे आहेत, तिथेही माणसं पाण्यात उतरतात, आणि तिथे मगर सोडल्याची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही.

चौथा उघडपणे कोणी मांडला नाही पण कानावर आला. माशांना मारतात तसं जिलेटीन टाका, विषय संपला. पोलीस पाटलांनी ज्याचं नाव ऐकलं त्याला घरी जाऊन समजावलं, वनपालांनी शिक्षेचं सांगितलं. पण मला वाटतं कायद्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने काम झालं, एका म्हाताऱ्याने विचारलं की डोहात जिलेटीन टाकलंस तर नळाला काय येईल. जॅकवेल तिथेच ना.

डोह पंपाने उपसायचा असाही एक विचार होता, तो इंजिनिअरिंगवाल्या पोरांचा. डोहाच्या कातळाखाली किती आत पोकळी आहे कोणालाच माहीत नाही, मगर स्वतःही काठात बिळं करते, म्हणजे पाणी गेलं आणि मगर बिळात गेली तर गावाचं पाणीही गेलं आणि मगरही मिळाली नाही.

काय केलं

शेवटी पहिला पर्याय धरला, पण सोबत अट, की कोणावर हल्ला झाला किंवा डोह फारच आटला तर पकडायचं, आणि त्यासाठी परवानगीचा प्रस्ताव आत्ताच पाठवून ठेवायचा. ही अट सरपंचांनी घालून घेतली आणि मार्चमध्ये तिचाच उपयोग झाला.

पंपाचा प्रश्न सगळ्यात स्वस्तात सुटला. मोबाईल स्टार्टर बसवला, शेतकरी लावतात तोच, काका आता घरात चहा पिता पिता मिस्ड कॉल देऊन पंप लावतो. पहाटे अंधारात पाण्याजवळ जाणारा एकमेव माणूस कमी झाला. खरं सांगायचं तर हे मगर येण्याआधीच व्हायला हवं होतं.

कपड्यांचं अवघड होतं. पंचायतीने आधी शाळेजवळ नळाचं कोंडाळं आणि दगड टाकून दिले. बायकांनी चार दिवस वापरलं आणि सोडलं. नळाला धार बारीक, गोधड्या तिथे धुता येत नाहीत, आणि मधल्या सुट्टीत पोरांसमोर कपडे धुवायला बसायला कोणाला आवडेल? पंचायतीत यावर 'सोय केली तरी वापरत नाहीत' अशी तक्रार झाली, मला ती तेव्हाही पटली नाही.

मग मानद रक्षकांनी श्रीलंकेतली पद्धत सांगितली. तिकडे नदीत अंघोळीच्या जागी लाकडी खुंट ठोकून कुंपण करतात, आतल्या आत माणसं, बाहेर मगर, त्यांच्या भाषेत त्याला किंबुला कोटुवा म्हणतात. आपल्याकडे करायचं तर जागा निवडायला हवी होती. डोहाच्या वरच्या टोकाला पऱ्या येऊन मिळतो तिथे पाणी गुडघाभर, स्वच्छ, तळ दिसतो आणि खाली कातळ, वाळू नाही. तिथे ऐनाचे खांब. कातळात खांब रोवता येईनात म्हणून दोन्ही टोकांना ड्रिलने भोकं पाडून लोखंडी सळ्या बसवल्या आणि खांब त्यांना तारेने आवळले. मधे बांबू, बांबूच्या आतून चेनलिंकची जाळी, जाळीचा खालचा काठ दुमडून त्यावर मोठे धोंडे. बांबूतलं अंतर किती ठेवायचं यावर अर्धा दिवस वाद झाला आणि तो वाडीतल्या बायकांनी सोडवला, मूठ आत जाईल पण कोपर जाणार नाही एवढं. काठावरून आत जायला चार पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनाही कुंपण, कारण मगर पाण्यातूनच येते असं नाही. खर्च पंचायतीने पंधराव्या वित्त आयोगातून करायचं म्हटलं, पण बिल अडकू नये म्हणून शेवटी साहित्य गावच्या मुंबई मंडळाने दिलं आणि मजुरी श्रमदान. चाकरमानी मे महिन्यात पोहायला येणार म्हणून त्यांनाही घाई होतीच.

गुरांसाठी वरच्या पऱ्यात दगडी हौद भरून ठेवायचं ठरलं. ते जानेवारीपर्यंत नीट चाललं, मग ढिलं पडलं. बोर्ड लावले. होमस्टेवाल्याने आधी कुरकुर केली, मग 'मगर दर्शन' म्हणून पैसे घेऊन माणसं आणायला लागला, वनपालांनी तोंडी समज दिल्यावर थांबला. रविवारची गर्दी मात्र बोर्डाने नाही हटली, ती बायकांनी हटवली. कुंपणात कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो काढणारे दोघं सापडले, त्यांना जे ऐकावं लागलं त्यानंतर त्या घाटावर गर्दी झाली नाही.

वासरू आणि पिंजरा

मार्चच्या शेवटी डोह निम्म्यावर आला. ऊन वाढलं तशी मगरीची हालचाल आणि भूकही वाढली. हौद रिकामा होता त्या दिवशी एक वासरू डोहावर उतरलं आणि मगरीने त्याचा मागचा पाय धरला. गुराख्याने आणि दोन पोरांनी बोंब मारत, दगड मारत ओढाताण केली, वासरू सुटलं, लंगडं झालं पण जगलं. पंचनामा त्याच दिवशी झाला, नुकसानभरपाईच्या यादीत मगरही आहे हे गावात बहुतेकांना माहीतच नव्हतं.

प्रस्ताव नोव्हेंबरातच गेलेला असल्याने परवानगी लवकर आली. पिंजरा आधी कातळावर ठेवला, आत कोंबडी. काही नाही. रात्री बॅटरी मारली की पाण्यात डोळ्यांचा लालसर ठिपका दिसायचा, पिंजऱ्यापासून लांब, जागचा हलायचा नाही. नोव्हेंबरातल्या दोरीच्या कोंबडीने ती धीट होईल ही भीती होती, पण एप्रिलपर्यंत तरी ती पक्की सावध होती. मग जागा बदलली. ती वर यायची त्या जागी वाळूत पोटाच्या घसरणीचा आणि शेपटीचा माग होता, तिथे पिंजरा अर्धा पाण्यात अर्धा बाहेर ठेवला आणि कोंबडीच्या जागी मासळी लावली. तिसऱ्या रात्री दार पडलं.

पुढचा तास मला या कामातला सगळ्यात शिकण्यासारखा वाटला. जमलेल्या पोरांची इच्छा होती की तिला दमू दे, मग हात लावू. हे अगदी उलटं आहे. मगर झटापटीत फार जोर लावते पण तो जोर थोडाच वेळ टिकतो, झटापट लांबली की तिच्या रक्तात आम्ल साठत जातं आणि पकडताना ठीक दिसलेली मगर नंतर मरू शकते. म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांनी आधी सगळ्यांना गप्प केलं. ओलं गोणपाट डोळ्यांवर, ते पडलं की ती निम्मी शांत. मग जबडा बांधायचा. मिटायची ताकद प्रचंड पण उघडायची अगदीच कमी, त्यामुळे रबरी ट्यूबचे चार वेढे पुरतात, फक्त नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. फळीवर घेऊन, अंगावर ओली गोणपाटं टाकून, ऊन चढायच्या आत टेम्पोत. मोजली तर सात फुटांना तीन बोटं कमी. नर.

सोडायची कुठे हा वाद शेवटच्या क्षणापर्यंत होता. मानद रक्षक म्हणत होते पकडलीच आहे तर दोन महिने बचाव केंद्रात ठेवा, जूनमध्ये बघू. खात्याने ठरवलं की त्याच नदीत, खालच्या भागात, जिथे दोन्ही काठांना घाट नाही अशा पट्ट्यात. तसंच केलं, खालच्या गावाला सोडल्यानंतर कळवलं.

परिणाम

माणसाला इजा नाही. वासरू एक, बरं झालं. मगर जिवंत सोडली. कुंपण आजही आहे, पहिल्या पावसात एक बाजू वाहून गेली ती परत बांधली, आणि आता त्यात पोरं पोहायला शिकतात. खालच्या गावाशी संबंध बिघडले, गणपतीतल्या भजनाच्या बारीला यायचं त्यांनी टाळलं.

आणि ऑगस्टमध्ये केटी बंधाऱ्याच्या भिंतीवर मगर दिसली, साधारण तेवढीच.

काय वेगळं करता आलं असतं

काकूंचा प्रश्न पहिल्या मीटिंगमध्ये पहिला घ्यायला हवा होता हे वर आलंच. त्यासाठी मीटिंगची जागाही बदलायला हवी होती, संध्याकाळी सभामंडपात बायका मागेच बसतात, सकाळी घाटावर घेतली असती तर वेगळी झाली असती. पुढे दुसऱ्या एका गावात बिबट्याच्या वेळी आम्ही तसं केलं, पाणवठ्यावरच बसलो, अर्ध्या तासात काम झालं.

ॲलिगेटरची अफवा खोडायला आठवडा गेला. ओळख पटली त्याच दिवशी दाताचा स्पष्ट फोटो आणि दोन ओळी, वनखात्याच्या नावाने, त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला हव्या होत्या. खात्याकडून अधिकृत निवेदन आलं ते पाच दिवसांनी, कार्यालयीन भाषेत, पत्राचा वाकडा फोटो काढून. ते कोणी वाचलं नाही.

गुरांचा हौद भरायचं काम कोणा एकाच्या नावावर नव्हतं. पंप काकाच्या नावावर होता म्हणून चालला, कुंपण बायकांचं होतं म्हणून टिकलं, हौद 'सगळ्यांचा' होता.

खालच्या गावाला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. आधी सांगितलं असतं तर त्यांनी टेम्पो अडवला असता हे खरं. पण न सांगितल्याने आता तिथल्या प्रत्येक मगरीचं खापर वरच्या गावावर फुटतं, आणि तिथे मगरी आधीपासून आहेत हे त्यांनाही माहीत असून फुटतं. माझ्या हातात असतं तर मी सांगितलं असतं आणि एक दिवस वाद घातला असता.

राहिली बंधाऱ्यावरची मगर. तीच परत चढतेय की दुसरी, हे कळायला एक साधी गोष्ट पुरली असती. शेपटीवरचे उभे खवले ठरावीक क्रमाने किंचित कापून खूण करतात, मगरींवर काम करणारे सगळीकडे हे करतात, मगरीला त्याने फारसं काही होत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं. पण परवानगीपत्रात पकडणे आणि सोडणे एवढंच लिहिलेलं, खूण करण्याचा उल्लेख नाही, म्हणून कोणी हात लावला नाही. निदान शेपटीचे फोटो असते तरी खवल्यांची ठेवण जुळवून बघता आली असती. त्या पहाटे तिथे निदान तीस मोबाईल होते. आम्ही नंतर सगळ्यांकडून फोटो मागवले, शंभराच्या वर आले, सगळेच्या सगळे तोंडाचे. आता पुढचा प्रस्ताव पाठवायचा झाला तर त्यात खुणेची ओळ घाला असं मानद रक्षकांनी लेखी दिलंय, खात्याचं म्हणणं आहे आधी प्राणी तोच आहे हे सिद्ध करा, मग बघू.